अपराइट पियानो आणि इलेक्ट्रॉनिक्स: एका अल्बमची टिपणं

पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. सिंथेसायझरचा सूर बोट उचलेपर्यंत तसाच राहतो. दोघांना एका रचनेत बसवताना होणारी बहुतेक भांडणं या फरकातून निघतात, आणि जी यातून निघत नाहीत ती ट्यूनिंगमधून. पुण्यात एका जुन्या अपराइटवर, म्हणजे उभ्या पियानोवर, सुमारे चाळीस मिनिटांचा अल्बम करायला घेतला तेव्हा आम्ही म्हणून एकच नियम ठेवला: इलेक्ट्रॉनिक बाजूचे आवाज शक्यतो त्याच पियानोतून काढायचे. यात सोवळेपणा काही नाही. मूळ सूर ज्या तारेतून आला तिच्याच आवाजाला लांबवलं, की स्वर आणि खोली दोन्ही आपोआप जुळतात आणि मिक्सिंगमधली निम्मी झटापट वाचते.

आधी ऋतू. जून ते सप्टेंबर पुण्यात पियानो खुशाल वाजवावा, रेकॉर्ड करू नये. साउंडबोर्ड म्हणजे स्प्रूसचा पातळ फलक. दमट हवेत तो पाणी पितो, फुगतो, ब्रिजला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीला, पुढे ढकलतो आणि तारा ताणल्या जातात. सूर चढतो, पण सगळीकडे सारखा चढत नाही. मधल्या सप्तकांत जास्त, खर्जात कमी. त्यामुळे पियानो नुसता चढा होत नाही, स्वतःशीच बेसूर होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत याच्या उलट. डिसेंबर-जानेवारीत खिडक्या बंद ठेवता येतात, पंखा लागत नाही, आणि खोलीतली आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास धरून ठेवता येते. आर्द्रतामापक भिंतीवर टांगण्यापेक्षा पियानोच्या आत, खालच्या फळीमागे ठेवावा. आतला आकडा आणि खोलीतला आकडा यांत चांगलाच फरक असतो. पावसाळ्यात पियानोत २५ वॅटचा दिवा पेटता ठेवायची जुनी पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती चालते, पण पाऊस संपल्यावर दिवा तसाच राहिला तर जवळचं लाकूड नको इतकं सुकतं आणि तारा ज्यांवर गुंडाळलेल्या असतात त्या पिना सैल पडतात.

पियानोची पांढरी सहा, म्हणजे मधला ए, ४४० हर्ट्‌झला असायला हवा. आमच्याकडे तो ४३४ला होता. जुन्या अपराइटांत हे नेहमीचंच. हा फरक सुमारे २४ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). पियानो वर आणता येतो, पण हिशेब करून पाहावा. सगळ्या तारांचा मिळून ताण सोळा ते वीस टन असतो. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ४३४वरून ४४०ला जाताना जवळपास २.८ टक्के, थोडक्यात आणखी अर्धा टन. गंजलेल्या तारा अशा वेळी पिनेच्या वळणापाशी तुटतात, आणि ज्या टिकतात त्या काही आठवड्यांत पुन्हा उतरतात. म्हणून पियानो होता तिथेच ठेवला, ट्यूनरकडून फक्त तारा एकमेकींशी जुळवून घेतल्या, आणि सॉफ्टवेअरमधली सगळी वाद्यं २४ सेंट खाली आणली. यात एकच अडचण: पुढे कोणी बासरीवाला बोलवायचा असेल तर त्याला आधीच सांगावं लागतं. बासरी काही सहजासहजी २४ सेंटने उतरत नाही.

मधल्या पट्ट्यात प्रत्येक सुराला तीन-तीन तारा असतात. त्या एकमेकींशी काटेकोर जुळल्या नसतील तर सूर डुलतो. नेहमीच्या वादनात हे खपून जातं. हातोड्या आणि तारांच्या मध्ये फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं कापड, लावलेल्या पियानोत आघात मऊ असतो आणि कान सुराच्या शेपटीकडे जातो, तिथे खपत नाही. आणि पुढे तो सूर दहापट लांबवला तर तेवढंच ऐकू येतं. ट्यूनिंग झाल्यावर एक दिवस पियानो जोरात वाजवावा, म्हणजे तारा बसतात, आणि रेकॉर्डिंगच्या आधी फक्त मधली तीन सप्तकं पुन्हा तपासावीत.

फेल्ट हा प्रकार हल्लीच्या पियानो-इलेक्ट्रॉनिक संगीताची ओळख झाला असला तरी नवा नाही. १८००च्या आसपास व्हिएन्नाच्या पियानोंना मॉडरेटर नावाचा पेडल असे, तो हातोड्या आणि तारांच्या मध्ये कापडाची पट्टी आणायचा. आजच्या अपराइटचा मधला पेडल तेच करतो, पण शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून. त्यामुळे त्याची मूळ पट्टी जाड असते आणि सूर पार बुजतो. आम्ही ती काढून एक ते दीड मिलिमीटर जाडीचं लोकरीचं फेल्ट लावलं, पट्टीची लांबी कीबोर्डएवढी, म्हणजे सव्वा मीटरच्या आत-बाहेर. स्टेशनरीच्या दुकानात हस्तकलेसाठी मिळणारं फेल्ट बहुधा पॉलिस्टरचं असतं. त्यावर हातोडी आपटली की खर्रकन आवाज येतो. लोकरीचं मिळालं नाही तर मलमलीचे दोन पदर बरे.

जाडी महत्त्वाची का, ते यंत्रणा पाहिली की कळतं. कीबोर्डची पट्टी दाबल्यावर हातोडी तारेपासून साधारण तीन मिलिमीटरवर सुटते आणि उरलेलं अंतर स्वतःच्या वेगाने जाते. त्या फटीत तीन मिलिमीटरचं फेल्ट टांगलं तर हातोडी सुटायच्या आधीच त्यात रुतते, सूर मरतो आणि हळू वाजवलेली पट्टी चिकटल्यासारखी वाटते. लोकांना वाटतं पियानो बिघडला. वरच्या दीड सप्तकात तारा इतक्या आखूड असतात की पातळ फेल्टही त्यांची सगळी शक्ती खातं. तिथे फेल्टची पट्टी तिरकी कापून हळूहळू संपवावी. वापरता वापरता फेल्टवर तारांच्या खाचा पडतात आणि आवाज टणक होत जातो. पट्टी दोन-तीन मिलिमीटर बाजूला सरकवली की पुन्हा मऊ.

फेल्टमुळे सुराचा आवाज लहान होतो, पण यंत्रणेचा आवाज होतो तेवढाच राहतो. पट्ट्या तळाला आपटतात, पेडल कुरकुरतो, तारा दाबून धरणारे डॅम्पर उचलले जाताना सुस्कारा येतो, स्टूल करकरतं. यातलं काय ठेवायचं हा आवडीचा प्रश्न आहे. डॅम्परचा सुस्कारा आम्ही मुद्दाम ठेवला, स्टूल बदललं. पेडलच्या लाकडी सांध्यांना ग्रॅफाइट किंवा मेणबत्तीचं मेण लावावं. गंज घालवायचे स्प्रे किंवा शिलाई मशीनचं तेल पियानोच्या यंत्रणेत कधीही घालू नये. ते सांध्यातल्या फेल्टमध्ये आणि लाकडात मुरतं, सांधे फुगतात, आणि पट्ट्या वर यायच्या थांबतात.

सूर लहान म्हणून प्रीॲम्प (माइकचा आवाज वाढवणारं यंत्र) चढवावा लागतो, आणि तो चढला की मायक्रोफोनचा स्वतःचा नॉइज, म्हणजे खरखर, वर येतो. बऱ्याच लहान डायफ्रामच्या कंडेन्सर मायक्रोफोनांचा नॉइज पंधरा डेसिबलच्या आसपास असतो. मोठ्या डायफ्रामचे काही माइक पाच डेसिबलच्याही खाली मिळतात, आणि ते फार महाग असतातच असं नाही. फेल्ट पियानोसाठी मायक्रोफोनच्या कागदावरचा हा एक आकडा बाकी सगळ्या वर्णनापेक्षा उपयोगी. आम्ही वरची फळी पूर्ण काढली, झाकण उघडं ठेवलं, आणि दोन माइक हातोड्यांपासून वीस सेंटिमीटरवर, एकमेकांपासून साठ सेंटिमीटरवर लावले: एक खर्जाकडे, एक तारसप्तकाकडे. तिसरा पियानोच्या मागे, साउंडबोर्डपासून चाळीस सेंटिमीटरवर. पुढच्यात हातोडीचा स्पर्श मिळतो, मागच्यात अंग. मागचा माइक मिसळताना त्याची पोलॅरिटी उलटी करून (लहरीचं वर-खाली उलटवून) पाहावी आणि सगळं मोनोत, म्हणजे एकाच चॅनेलवर मिसळून, ऐकावं; ज्या बाजूला खर्ज भरीव लागतो ती बाजू ठेवावी. बहुतेक वेळा उलटवावीच लागते, कारण हा माइक फलकाच्या दुसऱ्या बाजूला असतो.

विजेची गूं आपल्याकडे ५० हर्ट्‌झवर बसते आणि तिची पिल्लं १०० आणि १५०वर. नंतर फिल्टरने काढू असं म्हणू नये. खर्जातला एक जी ४९ हर्ट्‌झचा, त्याच्या वरचा ९८चा. ५० आणि १०० कापले की हे दोन सूर शेजाऱ्यांपेक्षा पोकळ लागतात आणि का ते कळत नाही. मुळातच घालवावी: लॅपटॉप बॅटरीवर, सगळी यंत्रं एकाच बोर्डावर, फ्रिज बंद, एलईडीचे डिमर बंद, इन्व्हर्टर शक्य तितका लांब. वेळ मध्यरात्रीनंतरची. रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ, शिखरं उणे १२ डेसिबलच्या आत. ९६ घेण्याचं कारण एकच: हाच आवाज पुढे अर्ध्या किंवा पाव वेगाने उतरवायचा होता. ४८वर रेकॉर्ड केलेला आवाज एक सप्तक खाली आणला की १२ किलोहर्ट्‌झच्या वर काहीच उरत नाही आणि सगळं गोधडीखाली गेल्यासारखं वाटतं. उतरवायचं नसेल तर ४८ पुरे.

आता ट्यूनिंगची दुसरी बाजू. पियानोची तार जाड आणि ताठ असते, म्हणून तिचे वरचे स्वरांश गणितापेक्षा थोडे चढे निघतात. ट्यूनर कानाला गोड लागावं म्हणून सप्तकं किंचित ताणून लावतो. सगळ्यात वरचं सप्तक वीस-तीस सेंट चढं असू शकतं, सगळ्यात खालचं थोडं उतरलेलं. आखूड तारांच्या लहान अपराइटात हे आणखी जास्त. सिंथेसायझरची सप्तकं मात्र काटेकोर दुप्पट. मध्यात दोन्ही जुळतात, वर गेलात की पॅड, म्हणजे सिंथेसायझरचा लांब चालणारा पार्श्वसूर, आणि पियानो डुलायला लागतात, आणि पुष्कळ जण त्यावर आणखी रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, ओततात. उपाय तीन. पॅड मधल्या दोन सप्तकांतच ठेवायचा. किंवा पियानोचा प्रत्येक ए आणि प्रत्येक सी मोजून सॉफ्टवेअर सिंथला तसा ट्यूनिंगचा तक्ता द्यायचा. किंवा पॅडच पियानोतून काढायचा.

तानपुरा मिसळायचा मोह आपल्याकडे प्रत्येकाला होतो. पांढरी एकच्या (सी) सुरावर सा-प जुळवला तर पंचमाला त्रास नाही, तिथे पियानो फक्त दोन सेंटने उणा असतो. पण तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो पियानोच्या गंधारापेक्षा १४ सेंट उतरलेला असतो. मधल्या सप्तकात हा फरक सेकंदाला अडीच-पावणेतीन आंदोलनांचा होतो. पियानोने गंधार टाळला किंवा निसटता घेतला तर दोघं सुखाने नांदतात; त्यावर थांबला की वाद सुरू. आम्ही एका रचनेत तानपुरा ठेवला आणि त्या रचनेतून शुद्ध गंधार काढून टाकला.

पियानोतून पॅड काढायचा सगळ्यात चांगला मार्ग साउंडबोर्डलाच स्पीकर करण्याचा. एक्साइटर नावाचं यंत्र मिळतं, म्हणजे कोन नसलेला स्पीकर. तो ज्या पृष्ठभागाला टेकेल तो पृष्ठभाग वाजतो. २० ते २५ वॅटचा, चार ओहमचा पुरतो, सोबत छोटा ॲम्प्लिफायर. पियानो भिंतीपासून ओढून साउंडबोर्डच्या मागे दोन बरगड्यांच्या मधल्या मोकळ्या जागी तो लावायचा, पण त्याच्यासोबत येणाऱ्या चिकटपट्टीने थेट लाकडाला नाही. निघताना ती वार्निश घेऊन येते. मध्ये कागदी टेपचा एक थर द्यावा. उजवा पेडल लाकडी पाचर मारून दाबून ठेवायचा, म्हणजे सगळे डॅम्पर वर आणि सगळ्या तारा मोकळ्या. मग कच्चा आवाज, आमच्याकडे साध्या साइन लहरींचे दोन-तीन थर, हळूहळू सोडायचा.

तारा ज्या सुराला जुळलेल्या असतात त्याच सुराला जागतात. त्यामुळे जो आवाज परत येतो तो पियानोच्याच ट्यूनिंगमध्ये असतो, ताणलेल्या सप्तकांसकट. वरचा सगळा तक्त्यांचा खटाटोप इथे संपतो. माइक जागचे हलवायचे नाहीत, म्हणजे वाजवलेला पियानो आणि घुमवलेला पियानो एकाच खोलीत राहतात. ८० हर्ट्‌झच्या खालचा भाग आधीच कापावा. तिथे एक्साइटर नुसता थरथरतो, सूर देत नाही. आवाज बेताचा ठेवावा, नाहीतर पियानोतलं जे जे सैल आहे ते गायला लागतं: बिजागऱ्या, कागद ठेवायचा स्टँड, जुन्या अपराइटच्या पुढच्या पितळी मेणबत्तीदाण्या. ६० हर्ट्‌झपासून दोन किलोहर्ट्‌झपर्यंत एक साइन लहर सावकाश फिरवली की कुठल्या सुराला काय कुरकुरतं त्याची यादीच हाती येते. एकेक स्क्रू कसून आणि कागदाच्या घड्या खुपसून ते बंद करायचं. माइकचा आवाज थेट एक्साइटरला दिला तर फीडबॅक तयार होतो आणि तो तारांच्या सुरांवर जाऊन बसतो. आवाज ठरावीक पातळीवर रोखणारा लिमिटर लावून हे आम्ही एका रचनेत मुद्दाम केलं.

साउंडबोर्डला कॉन्टॅक्ट माइकही, म्हणजे हवेऐवजी पृष्ठभागाची कंपनं पकडणारा माइक, लावून पाहिला. २७ मिलिमीटरची पिएझो चकती बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला किरकोळ पैशात मिळते. ती साध्या लाइन इनपुटला जोडली तर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो आणि दोष चकतीला दिला जातो. दोष इनपुटचा असतो. चकती विद्युतदृष्ट्या कपॅसिटर आहे. कमी इम्पिडन्सच्या (विद्युत अडथळ्याच्या) इनपुटशी मिळून ती खर्ज कापणारा फिल्टर बनवते. किमान एक मेगओहमचं इनपुट लागतं, म्हणजे ऑडिओ इंटरफेसवरची गिटारची खाच किंवा डीआय नावाची जुळवणी पेटी.

संगणकातलं काम मुख्यतः दोन प्रकारचं. ग्रॅन्युलर पद्धतीत आवाजाचे बारीक कण करून ते एकावर एक पसरतात. कण किती लांब घ्यायचा ते सुरावर ठरतं. सगळ्यात खालच्या ए चं, २७.५ हर्ट्‌झचं, एक आवर्तनच ३६ मिलिसेकंदांचं. त्याला ३० मिलिसेकंदांचे कण दिले तर सूर उरत नाही, नुसती गुरगुर. खर्जाला १५० ते २००, मधल्या सप्तकाला ८० ते १२० ठीक. कण सुटण्याच्या वेळेत थोडा अनियमितपणा नसला तर कण सुटण्याचा वेगच एक वेगळा सूर म्हणून ऐकू येतो. दुसरा प्रकार फ्रीझचा: एका क्षणाचा वर्णपट पकडून तो धरून ठेवायचा. ४८ किलोहर्ट्‌झला ८१९२ नमुन्यांची खिडकी म्हणजे १७० मिलिसेकंद. खिडकी लहान घेतली तर खर्जाचे शेजारी सूर एकमेकांत मिसळतात. फ्रीझ आघातावर कधी करू नये; हातोडी पडल्यावर पाव सेकंद जाऊ द्यावा, नाहीतर ठोकाही गोठतो आणि सुरात वाळू येते.

आघात काढून टाकला की पियानो ओळखू येत नाही. प्येर शेफर यांनी १९४८ मध्ये पॅरिसमध्ये घंटेच्या टोल्याचा आघात कापून हेच दाखवलं होतं. आमच्या दृष्टीने हा फायदाच. कापलेल्या पियानोचा पॅड खऱ्या पियानोच्या खाली ठेवला की ऐकणाऱ्याला दोन वाद्यं जाणवत नाहीत, एकच पियानो विरायचा विसरल्यासारखा वाटतो. पॅड मूळ सुरानंतर २०० ते ३०० मिलिसेकंदांनी वर यावा; लवकर आला तर हातोडीचा स्पर्श झाकतो.

कॅसेटच्या लूपसाठी, म्हणजे टेपच्या गोल फिरत राहणाऱ्या तुकड्यासाठी, जुना डेक पुण्यात जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी शोधावा, आणि घेण्याआधी रबरी पट्टा ताणून पाहावा. तो बहुधा विरघळलेला असतो. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे पाच सेकंदांच्या लूपला जवळजवळ २४ सेंटिमीटर टेप. जोड तिरका कापून स्प्लायसिंग टेपने. साधी चिकटपट्टी लावली तर तिचा गोंद हेडवर जातो. लूप सैल झाला तर रोलरला गुंडाळतो, ताठ झाला तर सूर हेलकावतो. तो हेलकावा थोडा हवाच असतो, म्हणून नेमकं किती ताठ हे वाजवूनच ठरतं.

मेट्रोनोमवर वाजवायचं की नाही? फेल्ट पियानोला हेडफोनमधली टिकटिक गळून माइकमध्ये येते, हे पहिलं कारण. दुसरं, विलंबित रचना टिकटिकीवर वाजवल्या की निर्जीव होतात. आम्ही मोकळं वाजवलं आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आवर्तनाच्या समेवर हाताने खुणा करून टेम्पोचा नकाशा बनवला. डिले, म्हणजे आवाजाचे प्रतिध्वनी, त्या नकाशाला जोडायचे. मिनिटाला ७२ मात्रांच्या लयीत एक मात्रा ८३३ मिलिसेकंदांची, पाऊण मात्रा ६२५ची. लय हलली की हे आकडेही हलायला हवेत. ठरावीक मिलिसेकंदांचा डिले लावला तर चौथ्या-पाचव्या आवर्तनाला तो वादकाशी स्पर्धा करतो.

एडिटिंगमध्ये जोड नेहमी पुढच्या आघाताच्या अगदी आधी घ्यावा, १० ते ३० मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने (एक आवाज उतरत असताना दुसरा चढवून), आणि दोन्ही टेकमध्ये पेडलची स्थिती तीच असावी. पेडल दाबलेला असताना कापलं तर मागच्या सुराचं भूत अचानक गायब होतं. नॉइज काढणारं सॉफ्टवेअर मूळ पियानोवर लावू नये. विरणाऱ्या शेपटीत ते बुडबुड्यांसारखे अवशेष सोडतं, आणि ग्रॅन्युलरने तेच मोठे होतात. नॉइज जमतो कसा ते लक्षात घेतलं तर फारशी गरजही पडत नाही: सारख्या पातळीच्या दहा वेगवेगळ्या ट्रॅकचा नॉइज मिळून दहा डेसिबल वाढतो. जो ट्रॅक वाजत नाही तो त्या वेळी पूर्ण बंद असावा.

मिक्समध्ये फेल्ट पियानोची सगळी गर्दी २०० ते ५०० हर्ट्‌झमध्ये होते. तिथे पियानोला कापण्यापेक्षा पॅडला कापावं, २००च्या खाली पूर्ण, आणि पियानो वाजला की पॅड दोन-तीन डेसिबल दबेल असा डकिंग, सुटण्याचा वेळ अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त. १०० हर्ट्‌झच्या खालचं सगळं मोनो. कॉम्प्रेसर जवळजवळ नकोच. तो हळू सूर वर आणताना खोलीही वर आणतो.

मास्टरिंगला भांडायचं कारण नाही. स्पॉटिफाय सगळं उणे १४ लुफ्सच्या (ऐकू येणाऱ्या एकूण जोराचं माप) आसपास आणतं; हे संगीत उणे १८ ते उणे २०ला मोकळा श्वास घेतं, तिथेच ठेवावं, ट्रू पीक (लहरीचं खरं शिखर) उणे १ डेसिबल. सलग जोडलेल्या रचनांच्या हद्दी सीडीसाठी ५८८ नमुन्यांच्या पटीत पाडाव्यात, कारण सीडीची चौकट सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग असते. नाहीतर जोडावर टिचकी ऐकू येते. प्रत्येक रचनेला वेगळा आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाची आंतरराष्ट्रीय ओळख) लागतो, भारतात तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेकडून किंवा वितरकाकडून मिळतो, आणि रचनाकार म्हणून आयपीआरएस या हक्क-संस्थेकडे नोंद वेगळी करावी लागते. वितरकाला फाइल प्रकाशनाच्या तीन-चार आठवडे आधी द्यावी, मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल. ऐकणं मोजलं जाण्यासाठी तीस सेकंद वाजावं लागतं, आणि २०२४ पासून वर्षाला हजारपेक्षा कमी वेळा वाजलेल्या रचनेचे पैसे स्पॉटिफाय देत नाही. पंचवीस सेकंदांचे मधले तुकडे वेगळी रचना म्हणून टाकायचे असतील तर हे ठाऊक असू द्यावं. आम्ही ते शेजारच्या रचनांना जोडून टाकले.